छातीवरचे नाव

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात आज विशीतल्या मुलाच्या छातीवर इटलीतल्या किंवा फ्रान्समधल्या एखाद्या कंपनीचे नाव असते. पेंचच्या पाण्यावर धान घेणारी खेडी, कन्हानकडच्या कोळसा खाणी आणि कोलितमाऱ्याच्या पुढे सुरू होणारे वाघांचे जंगल, असा हा नागपूरच्या उत्तरेचा तालुका. खरा टी-शर्ट घ्यायचा तर धानाच्या कितीतरी पोत्यांचे पैसे मोजावे लागतील. म्हणून अंगावर असते ती ‘फर्स्ट कॉपी’, तीन-चारशे रुपयांची. जवळून पाहिले की कळते. लांबून भरतकामासारखे दिसणारे नाव रबरी छपाईचे असते आणि काही धुण्यांतच त्याला तडे जातात. बाहीच्या टोकाशी धागे सुटलेले असतात. गळ्याच्या आतली पट्टी दोन टाक्यांवर लोंबत असते. तरी तो शर्ट जपून, उलटा करून वाळत घातला जातो, कारण उन्हाने नाव उडायला नको. लग्नसराईत हाच ओढा शेरवानीत उतरतो. डिसेंबर २०१७मध्ये विराट कोहलीने लग्नात डिझायनर सब्यसाची मुखर्जीची हस्तिदंती शेरवानी घातली आणि त्यानंतर देशभर लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांत तशाच रंगाच्या शेरवान्या टांगल्या गेल्या. २०२१मध्ये तरुण ताहिलियानी या नामांकित डिझायनरने बिर्ला समूहाबरोबर ‘तस्व’ हा खास पुरुषांच्या सणासमारंभाच्या कपड्यांचा ब्रँड काढला, तो मध्यमवर्गीय नवरदेव डोळ्यांसमोर ठेवूनच. एकेकाळी राजवाड्यांसाठी आणि सिनेमासाठी असलेली ही दुनिया आता तालुक्याच्या पोट्ट्यांशी बोलू लागली आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे यावर एक ठरलेले उत्तर असते: हा मोह आहे, साधे राहावे. कीर्तनातही हेच सांगतात आणि विहारातल्या प्रवचनातही बहुधा हेच. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि अपुऱ्या उत्तराने मुलांचे नुकसान होते असेही वाटते. बुद्धाने तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली कामतण्हा, म्हणजे इंद्रियांच्या सुखाची ओढ. दुसरी भवतण्हा, म्हणजे काहीतरी होण्याची, कोणीतरी असण्याची ओढ. तिसरी विभवतण्हा, नसण्याची, नाहीसे होण्याची ओढ. साधेपणाचा उपदेश पहिल्या तृष्णेला लागू पडतो. पण फर्स्ट कॉपी घेणाऱ्या मुलाला कापडाचे सुख हवेच असते कुठे? ते कापड मऊ नसते, उन्हाळ्यात घामाने अंगाला चिकटते, आणि हे त्याला चांगले ठाऊक असते. त्याला हवे असते कोणीतरी असणे. बसमध्ये, कॉलेजच्या फाटकाशी, पाहुण्यांच्या घरी आपल्याकडे एकदा नीट पाहिले जावे, एवढीच ती भूक. तिला चैन म्हणणे म्हणजे रोगाचे नाव चुकवणे. आणि मानाची भूक हे पाप असेल, तर या देशात अपमान सोसलेल्या प्रत्येक माणसाला पापी ठरवावे लागेल.

पुरुषांनी कपड्यांचा शौक करणे हे नवे आहे, बायकी आहे, असेही म्हटले जाते. त्याचे उत्तर नागपुरातच मिळते. नागपूर आणि उमरेडच्या कोष्टी विणकरांची जुनी ख्याती रेशीमकाठी धोतरांसाठी होती, आणि ती धोतरे पुरुषच नेसत. जरीचे पागोटे, काठाचे उपरणे, कानात भिकबाळी, हे सगळे पुरुषाच्याच अंगावर होते आणि त्याने त्याच्या पुरुषपणाला बाध येत नव्हता. इंग्रजी अमदानीत कोट-टोपीने पुरुष एका रंगात आला. युरोपातला पुरुष त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी, दागिना आणि रंग सोडून बसला होता. तेव्हा आजचा मुलगा आरशासमोर उभा राहतो त्यात काही बिघडलेले नाही. बदलली आहे ती दुसरीच गोष्ट. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीच्या कापडावर गिरणीचा छाप असे, पण तो ताग्याच्या टोकाला. दुकानदार कापड फाडून देई तेव्हा छाप ताग्याबरोबर मागे राही आणि गिऱ्हाईक घरी नेई ते नुसते कापड. पुढे शिंपी त्याला माणसाचे माप देई. आज त्या गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे, आणि टाटांच्याच घरातून २०१६मध्ये निघालेला झुडिओ हा ब्रँड देशभर हजाराच्या आतले फॅशनेबल कपडे विकतो. दीडशे वर्षांत नाव ताग्याच्या टोकावरून निघाले, कॉलरच्या आत आले आणि महागड्या कंपन्यांच्या बाबतीत तिथून सरळ छातीवर येऊन बसले. माणूस कापड नेसत होता. आता कापडावरचे नाव माणसाला नेसते आहे. माझा वाद या बदलाशी आहे. सुंदर कपड्याशी नाही.

कपडा आणि मान यांचे नाते समजून घ्यायला महाराष्ट्राला बाहेर जाण्याची गरज नाही. १९५६च्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या अंतराने दोन माणसे गेली, ६ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि २० तारखेला गाडगे महाराज. एकाचा सूट आजही प्रत्येक पुतळ्यावर आहे. दुसऱ्याच्या अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि डोक्यावर मातीचे गाडगे. वरवर पाहता एक साधेपणाचे टोक, दुसरे टापटिपीचे. पण गाडगेबाबा परीट घरात जन्मले होते, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्या घरात. ज्या जातीच्या हातांखालून सगळ्या गावाची प्रतिष्ठा धुऊन, वाळून, घडी होऊन जात होती, त्या जातीच्या माणसाने चिंध्या पांघरल्या आणि त्याच चिंध्यांत उभे राहून कीर्तनात सावकार, पुजारी, पाटील सगळ्यांना प्रश्न विचारले. कपड्यावरून माणूस तोलणाऱ्या गावाच्या हातातला तराजूच त्यांनी काढून घेतला. बाबासाहेबांनी उलट्या बाजूने तेच केले. ज्या समाजाला गावगाड्याने प्रेतावरचे कापड हक्क म्हणून दिले होते, त्या समाजातला माणूस उत्तम शिवलेला सूट घालून परिषदेत, न्यायालयात, संसदेत उभा राहिला. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितले होते की लुगडे इतर समाजातल्या बायकांसारखे नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या. त्या दिवशी नुसती नेसण बदलणे ही राजकीय आणि धार्मिक कृती होती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बुद्धाच्या भिक्षूंना तर चिंध्या वेचूनच चीवर करायला सांगितले होते. स्मशानात टाकलेले कापड वेचून शिवलेल्या त्या वस्त्राला पांसुकूल म्हणत. शेजारच्या रामटेकला शांतिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे, तिथे तर वस्त्राचा संपूर्ण त्यागच पूज्य. मग धर्माची दिशा त्यागाकडे नाही का? आहे, पण कोणाच्या त्यागाकडे? स्मशानातले कापड भिक्षूने उचलले आणि स्मशानातले कापड महाराला उचलायला लावले, या दोन गोष्टींत कापड एकच आहे. फरक निवडीचा आहे. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही आहे आणि सोडायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही आहे, त्याच्याच सोडण्याला त्याग म्हणतात. बाकीच्यांच्या चिंध्यांना गरिबी म्हणतात, आणि गरिबीला पुण्याचे रूप देणे हा धर्माचा सर्वांत जुना अन्याय आहे. बाबासाहेबांनी १९५०मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला, त्यात धर्म कसा असावा याच्या अटी घातल्या. धर्माने गरिबीचे उदात्तीकरण करता कामा नये, ही त्यांतली एक. म्हणून कोळसा खाणीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मुलाने पहिल्या पगारातून भारी शर्ट घेतला तर त्याला साधेपणा शिकवायला जाऊ नये. तो शिकवण्याचा अधिकार ज्यांच्या कपाटात दहा शर्ट आहेत त्यांना तर मुळीच नाही. स्वतः बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीची वाटणी सांगताना एक भाग उपभोगासाठी राखायला सांगितला, दोन भाग कामधंद्यात घालायला आणि चौथा अडीनडीसाठी; नवऱ्याने बायकोला अलंकार द्यावेत हेही त्याच उपदेशात कर्तव्य म्हणून येते. गृहस्थाच्या धर्माला नटण्याचे वावडे नाही.

इतके मान्य केल्यावर विरोधी पक्ष सहज म्हणेल की मग वाद संपला. बाबासाहेबांचा सूट आणि पारशिवनीच्या पोराचा ब्रँडेड शर्ट एकच. जे वरच्यांचे होते ते खालच्यांनी घेतले, यालाच समता म्हणतात. वाटते तसे, पण ब्रँडचा धंदा कशावर चालतो हे पाहिले की ही समता टिकत नाही. बर्बरी या ब्रिटिश कंपनीचे उदाहरण घ्या. तिचा उंटरंगी चौकडा या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कामगार वस्तीतल्या तरुणांनी उचलला, विशेषतः चौकड्याची टोपी. सामान्य गिऱ्हाईक मिळाले म्हणून कंपनी आनंदली नाही; २००४मध्ये तिने ती टोपीच विकणे बंद केले. पुढे २०१८च्या वार्षिक अहवालातून उघड झाले की एका वर्षात तिने दोन कोटी शहाऐंशी लाख पौंडांचे न विकलेले कपडे, सामान आणि अत्तर नष्ट केले होते. स्वस्तात विकले तर माल नको त्यांच्या हाती जाईल, नावाची किंमत उतरेल, हे त्यामागचे कारण. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ही पद्धत बंद करत असल्याचे तिने जाहीर केले. नवाकोरा कोट जाळावा लागतो, कारण तो भलत्या माणसाच्या अंगावर गेला तर बाकीच्या कोटांची किंमत पडते. म्हणजे नावाचे मोल कापडात, शिलाईत किंवा रंगात नव्हतेच. ते दुसऱ्याला न मिळण्यात होते. ज्या वस्तूचे मोलच दुसऱ्याला वगळण्यातून तयार होते, ती सगळ्यांना मिळाली की तिचे मोल संपते आणि मोल पुढच्या नावाकडे सरकते. मुलाने ते नाव छातीवर आणेपर्यंत श्रीमंतांनी बिननावाचे, फिकट रंगाचे कपडे घालायला सुरुवात केलेली असते. सूटाचे तसे नव्हते. बाबासाहेबांनी सूट घातला म्हणून सूटाची किंमत पडली नाही. पडली ती त्यांना सूटात पाहू न शकणाऱ्यांची. शिवाय तो सूट शिंप्याने त्यांच्या अंगाचे माप घेऊन शिवलेला असे आणि बाहेरून त्यावर कोणाचेही नाव नसे. नाव त्यांचे स्वतःचे होते, ग्रंथांनी आणि चळवळींनी कमावलेले. कपडा त्या नावाच्या मागे चालत होता.

भारतातही असा प्रसंग झाला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये सब्यसाचीने एच अँड एम या परदेशी साखळीसाठी सामान्यांच्या आवाक्यातले कपडे केले आणि ते पाहता पाहता संपले. तेव्हा हस्तकलेच्या क्षेत्रातल्या संस्थांनी खुले पत्र लिहून विचारले की सांगानेरी ठशांसारखी दिसणारी ही नक्षी कारागिरांच्या हातची का नाही, यंत्राची का? त्या प्रश्नात मला सामान्य गिऱ्हाइकाची खरी फसवणूक दिसते. आवाक्यात आणताना डिझायनरचे नाव तसेच राहिले आणि वगळला गेला तो कारागीर. भंडारा-मोहाडीकडच्या करवती साडीच्या काठाकडे बारकाईने पाहावे. टसरचे अंग आणि सुती काठ जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी ओळ उभी राहते, आणि ती जमवण्यासाठी काठाचा धागा अंगाच्या धाग्यात दर फेऱ्याला हाताने गुंतवावा लागतो. तिथे एक माणूस बसलेला दिसतो. छापील नावात कोणी दिसत नाही.

आणखी एक आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्याला आधार खुद्द अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचा. १७७६च्या आपल्या ग्रंथात त्याने गरज कशाला म्हणावे याची चर्चा केली. जगण्यासाठी लिननच्या शर्टाची काही गरज नाही, पण आजच्या युरोपात मजुराला त्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल, म्हणून तो गरजेतच धरावा, असा त्याचा विचार. पारशिवनीचा मुलगा नागपुरात मुलाखतीला जातो तेव्हा त्याचे कपडे पाहिले जातात. मग चांगले कपडे ही त्याची गरज नाही का? नक्कीच आहे, आणि जो बाप उसनवारी करून मुलीच्या किंवा मुलाच्या मुलाखतीचे कपडे घेतो तो उधळपट्टी करत नाही. पण स्मिथच्या काळी लाजेची रेषा कुठे आखायची हे रिवाज ठरवत होता आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे. आज ती रेषा दर हंगामाला पुढे ढकलणे हाच कित्येकांचा पगारी धंदा आहे. रील्स, जाहिराती आणि खेळाडूंचे करार त्यासाठीच असतात. सप्टेंबर २०२५पासून सरकारने अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर अठरा टक्के जीएसटी लावला आहे. म्हणजे राज्यालाही साधा कपडा कुठे संपतो याची एक रेषा काढावी लागली. मुलाखतीला लागणारा स्वच्छ, मापाचा, इस्त्रीचा शर्ट त्या रेषेच्या बराच अलीकडे मिळतो. झुडिओत मिळतो, तालुक्याच्या टेलरकडे मिळतो. त्याच्यापलीकडे जे विकले जाते ते लाज झाकत नाही. ते आधी लाज निर्माण करते आणि मग झाकायला कपडा देते.

फर्स्ट कॉपी म्हणजे त्या मोठ्या कंपन्यांवर गरिबाने काढलेला सूड आहे, असेही काहीजण आवेशाने मांडतात. तो दावा मला पटत नाही, जरी त्यामागची भावना कळते. खोटे नाणे चालवणारा टाकसाळीविरुद्ध बंड करत नाही. ते नाणे चालते ते टाकसाळीच्या पतीवरच. नकली नाव छातीवर घेणाऱ्या मुलाने आधीच कबूल केलेले असते की मान तिथे आहे, मिलानमध्ये आहे, पॅरिसमध्ये आहे, आणि आपल्याला त्याची सावली तरी मिळावी. शिवाय त्याला सतत एक धास्ती असते, कोणी ओळखेल का? ज्या कपड्याने मान मिळायचा तोच कपडा पकडले जाण्याची भीती अंगावर आणतो. गाडगेबाबांच्या चिंध्या कोणी ओळखल्या तर त्यांचे काय जाणार होते?

पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत ‘मान’ हा शब्द आहे, आणि तो आपल्या मराठी मानापेक्षा वेगळा आहे. पालीतला मान म्हणजे स्वतःला दुसऱ्याशी तोलणे. मी श्रेष्ठ आहे हा मान, मी बरोबरीचा आहे हाही मान, आणि मी हीन आहे हासुद्धा मानच. तोलणे आले की बंधन आले, पारडे कोणाचेही जड असो. हे बंधन अर्हतपदाला पोचल्यावरच तुटते असे सांगितले आहे, तेव्हा वीस वर्षांच्या मुलाकडून ते आज तुटावे अशी अपेक्षा कोणी करू नये. मराठीतला मान मात्र दिला जातो. तो कोणाच्या तरी हातून येतो. लग्नात दुपट्टा-टोपी देतात, मानाचे लुगडे देतात. आहेराचे ते कापड पुष्कळदा बेताचे असते, पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातेही. पण देणारा समोर उभा असतो, नाव घेऊन बोलावतो, कुंकू लावतो. त्या कापडाची किंमत देणाऱ्या हातात असते. मानपानात रुसवेफुगवे होतात, जातीचे आणि पैशाचे हिशोब होतात, हे खरे. तो रिवाज निर्दोष नाही. तरी त्यात माणसाने माणसाला ओळखणे शिल्लक आहे. ब्रँड नेमकी हीच ओळख विकायला काढतो आणि देणाऱ्याला गाळतो. मुलाला मराठीतला मान हवा असतो, त्याच्या हाती पालीतला पडतो. माझे सगळे म्हणणे या एका अदलाबदलीपुरते आहे.

म्हणून दोष मुलाच्या खरेदीत कमी आणि आमच्या कंजूषपणात जास्त आहे. ज्या गावात धान रोवणाऱ्याला, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला, जंगलात वनरक्षकाचे काम करणाऱ्याला नाव घेऊन मान दिला जातो, तिथल्या मुलाला नाव विकत घ्यावे लागत नाही. नोकरी नसलेल्या मुलाला घरात आणि चावडीवर रोज तोलायचे, आणि मग त्याने छातीवर परक्याचे नाव लावले की त्याला साधेपणाचा उपदेश करायचा, हा धर्म नव्हे. आधी तोलणे थांबवा, ही माझी वडीलधाऱ्यांना विनंती. आणि मुलांना इतकेच म्हणेन की रंग निवडा, कापड हाताने चाचपून पाहा, टेलरला हवे तसे माप द्या, हौसेने नटा. फक्त ज्या नावाला तुमच्या अंगावर असणे नको आहे ते नाव अंगावर घेऊ नका.

विनयपिटकात चीवराची एक हकिकत आहे. मगधातून जाताना बुद्धाला बांधाबांधांनी आखलेली भाताची शेते दिसली आणि त्याने आपला शिष्य आनंद याला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदने कापडाचे तुकडे कापून, बांधांसारख्या पट्ट्या जोडून तसे चीवर शिवले आणि बुद्धाने त्याचे कौतुक केले. कापलेल्या कापडाला बाजारभाव राहत नाही, ते कोणी चोरू पाहत नाही, हेही त्यात साधले. बौद्ध भिक्षू आजही त्याच बेताचे चीवर घालतात, आणि पारशिवनीच्या कालव्याखालच्या बांध्यांत रोवणी झाली की तोच नमुना जमिनीवर दिसतो. ती आनंदची रचना आहे हे ग्रंथात लिहिलेले आहे. चीवरावर लिहिलेले नाही.